खान्देशात कॅलेंडुला : दसऱ्याला बी, पुढच्या वेचणीला मलम

कापूस वेचणीच्या दिवसात बायकांची बोटं बघितली आहेत का कधी? बोंड फुटून वाळलं की त्याच्या टरफलाची टोकं काट्यासारखी होतात, आणि दिवसभर त्यातून कापूस ओढायचा म्हटल्यावर नखांच्या कडेची कातडी सगळी ओरबाडून निघते, त्यात थंडीचा कोरडा वारा, टाचा पण फुटतात. यावलकडे आमचं वावर आहे, तिथे माझ्या सासूबाई आणि सोबतच्या बायका रात्री गोडं तेल चोळून झोपायच्या आणि सकाळी परत त्याच बोटांनी वेचायला. मी जळगावला राहते, गच्चीवर कुंड्या आहेत, आणि मी कॅलेंडुला नावाचं फुलझाड लावायला लागले ते ह्या बोटांसाठी, त्याच्या फुलांचं तेल आणि मलम कातडीला लावतात. आता चार हिवाळे झाले. आपल्याकडच्या हवेत काय जमतं आणि काय नाही ते सगळं इथे लिहिते, कारण पाकिटामागच्या सूचना थंड देशांच्या हिशोबाने असतात, त्या जशाच्या तशा आपल्याकडे चालत नाहीत.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. कॅलेंडुला म्हणजे झेंडू नाही. इंग्रजीत दोघांनाही मेरीगोल्ड म्हणतात त्यामुळे दुकानदार पण गोंधळतात, मला एकदा नर्सरीतून कॅलेंडुला म्हणून चक्क बुटका झेंडू दिला होता. दसऱ्याच्या तोरणाचा आपला झेंडू मुळात मेक्सिकोकडचा, आणि कॅलेंडुला भूमध्य समुद्राच्या आजूबाजूचा, दोघं एकाच मोठ्या कुळातले पण वेगळी झाडं. ओळखायला सोपं आहे. झेंडूचं पान कातरलेलं असतं आणि चुरगाळलं की उग्र वास येतो, कॅलेंडुलाचं पान अखंड, लांबट, थोडं लवदार, आणि हाताला चिकट लागतं. बी तर बघताक्षणी कळतं, झेंडूचं बी काळं, सरळ, सुईसारखं आणि टोकाला पांढुरकी शेंडी, कॅलेंडुलाचं बी तपकिरी, खडबडीत आणि कापलेल्या नखासारखं वाकडं. म्हणून रोपापेक्षा बी घेतलेलं बरं, फसवणूक होत नाही. आणि दुसरं म्हणजे नर्सरीतल्या रोपांवर काय काय फवारलेलं असतं ते आपल्याला माहीत नसतं, आपल्याला तर फूल अंगाला लावायचंय.

व्हरायटीचं फार टेन्शन घेऊ नका. बियांच्या दुकानात साधं मिक्स पाकीट मिळतं ते चालतं. ऑनलाइन मागवणार असाल आणि तेलच करायचं असेल तर रेझिना नावाची व्हरायटी बघा, तिच्यात चिकट राळ जास्त असते. पॅसिफिक ब्यूटी दिसायला छान, दांडा लांब. बॉन बॉन बुटकी, कुंडीत चांगली बसते.

आता मुख्य मुद्दा, बी कधी टाकायचं. मी पहिल्या वर्षी झेंडूसारखंच पावसाळ्याच्या तोंडावर जूनमध्ये टाकलं, अर्धं उगवलंच नाही आणि जे उगवलं ते जुलैच्या पावसात बुडाशी काळं पडून आडवं झालं. चूक झाडाची नव्हती. कॅलेंडुला थंडीचं झाड आहे, त्याला आपला उन्हाळा पण नको आणि चिकचिक पावसाळा पण नको. खान्देशात त्याच्यासाठी एकच खिडकी आहे, दसरा ते दिवाळी. ऑक्टोबर हीट थोडी उतरू द्या, रात्री चादर घ्यावीशी वाटायला लागली की बी टाका. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टाकलं तरी चालतं पण त्याच्यापुढे ढकलू नका, कारण बी टाकल्यापासून फूल यायला ५० ते ६० दिवस लागतात आणि मार्च लागला की आपल्याकडे ऊन असं तापतं की झाड आपोआप आवरतं घेतं. म्हणजे तुमच्या हातात खरा फुलांचा सीझन डिसेंबर ते मार्चची सुरुवात एवढाच. तो पूर्ण मिळवायचा असेल तर बी वेळेवर पडलं पाहिजे.

आणि थंडीची भीती बाळगू नका. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याचा पारा दहाच्या खाली गेला की केळीवाल्यांच्या पोटात गोळा येतो, पानं पिवळी पडतात, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं अडकतं. त्याच थंडीत कॅलेंडुलाचा रंग सगळ्यात गडद येतो. मला हे फार आवडतं ह्या झाडाचं.

माती. आपली काळी कसदार माती कापसाला सोनं असली तरी कुंडीत ती नुसती भरू नका, ओली झाली की डिंकासारखी चिकट आणि सुकली की भेगा, मुळांना हवाच मिळत नाही. मी साधारण दोन भाग माती, एक भाग रेती आणि एक भाग जुनं कुजलेलं शेणखत घेते. ताजं शेण नको. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असेल तर रेतीतलं अर्धं कमी करून टाका, नसेल तर काही अडत नाही. आमच्याकडे केळीच्या खांबाचं कंपोस्ट मिळतं तेही मिसळते, छान भुसभुशीत होतं. खत मात्र हात राखून. युरिया वगैरे दिलं तर झाड हिरवंगार माजतं आणि फुलं कमी लागतात, आणि कोवळ्या पानांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, धावत येते. कुंडी ८ ते १० इंचाची एका झाडाला पुरते. तेलाचा रिकामा १५ किलोचा डबा असेल तर खाली भोकं पाडून त्यात दोन झाडं आरामात बसतात. जमिनीत लावणार असाल तर दोन झाडांत एक वीतभर तरी अंतर ठेवा, गर्दी झाली की पानांवर भुरी म्हणजे पांढरी बुरशी येते.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, मातीने नीट झाकून टाकायचं. हे मुद्दाम सांगते कारण कॅलेंडुलाला उगवताना अंधार लागतो, वरवर भुरभुरलं तर निम्मं बी वाया जातं. हलकं पाणी, माती ओलसर राहील एवढंच. ८-१० दिवसांत कोंब दिसतो, कधी दोन आठवडे लागतात. मी थेट मोठ्या कुंडीतच ३-४ बिया टाकते आणि चार पानं आली की दमदार एक ठेवून बाकीची दुसरीकडे लावते. चिमण्या कोवळी रोपं टोचतात, तेव्हा सुरुवातीचे दिवस जुन्या साडीचा तुकडा किंवा जाळी टाकून ठेवा. रोप वीतभर झालं की वरचा शेंडा नखाने खुडा. जीवावर येतं खुडायला पण खुडाच, त्याशिवाय फुटवे येत नाहीत आणि एकाच काठीवर तीन फुलं घेऊन झाड उभं राहतं.

ऊन हिवाळ्यात दिवसभर दिलं तरी हरकत नाही, पाच-सहा तास तरी हवंच. फेब्रुवारी अर्धा झाला की कुंड्या अशा जागी सरकवा की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली, ह्याने दोन-तीन आठवडे सीझन लांबतो. पाणी बोट घालून बघून द्यायचं, वरची इंचभर माती कोरडी असेल तरच. थंडीत दिवसाआड पण पुरतं. बोअरचं जड पाणी असेल तर मातीवर पांढरा थर चढतो, तो खरवडून काढा आणि कधीतरी नळाचं पाणी भरपूर ओतून खालून निघून जाऊ द्या. पाणी बुडाशी, पानांवर नको, आणि संध्याकाळी तर अजिबात नको.

रोग-किडीत दोनच गोष्टी मला त्रास देतात, मावा आणि भुरी. मावा कळ्यांच्या खाली दाटीने बसतो, सकाळी पाण्याची जोराची धार मारली की बराचसा पडतो, दोन-तीन दिवस सलग मारा. अंगावर ठिपके असलेले लाल लेडीबर्ड भुंगे दिसले तर त्यांना हात लावू नका, ते मावा खातात. अगदीच वाढला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, पण मग आधी उमललेली सगळी फुलं तोडून टाका आणि पुढचा आठवडाभर फुलं औषधासाठी घेऊ नका. भुरी म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुकटी, ती पानं काढून लांब टाका, झाडाला हवा लागेल असं करा. आणि गावाकडच्या लोकांना खास सांगणं आहे, कापसाच्या वावराच्या बांधावर हे लावू नका. कापसावर जे फवारलं जातं ते वाऱ्याने येऊन फुलांवर बसतं. घराजवळ, परसात, तुळशीपाशी लावा.

फुलं तोडण्याचं टायमिंग महत्त्वाचं. हे फूल रात्री मिटतं आणि सकाळी उन्हाबरोबर उघडतं. दव पूर्ण उडालं पाहिजे आणि फूल पूर्ण उघडलं पाहिजे, आपल्याकडे थंडीत म्हणजे दहा-साडेदहाच्या पुढे. हिरव्या देठाच्या लगेच वरून फूल तोडा, बोटांना चिकट राळ लागेल, तेवढी राळ असेल तर समजा माल चांगला. ती राळ जास्त करून फुलाच्या खालच्या हिरव्या वाटीत असते, त्यामुळे तेलासाठी नुसत्या पाकळ्या नको, पूर्ण फूल हवं. दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहा. तोडलं नाही तर झाडाला वाटतं आपलं काम झालं, बी धरलं, आणि नवीन कळ्या थांबतात. पाच-सहा कुंड्या असतील तर सीझनभरात अर्धा लिटर तेलाला पुरतील एवढी फुलं सहज सुकतात.

सुकवणं हा सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि इथे खान्देशच्या कोरड्या थंडीसारखी हवा दुसरी नाही, कोकणातल्या माझ्या मैत्रिणीला ह्यासाठी मशीन घ्यावं लागलं. उन्हात वाळवू नका. पापड-कुरडयांची सवय असल्यामुळे आपला हात आपोआप गच्चीकडे जातो, पण उन्हात रंग उडतो. सावलीत, वारा खेळेल अशा खोलीत, सुती कापडावर किंवा सुपात एकेक फूल सुटं, तोंड खाली करून पसरा. पाकळ्या तीन-चार दिवसांत कुरकुरीत होतात आणि आपल्याला वाटतं झालं. झालेलं नसतं. मधला हिरवा गाभा अजून ओला असतो. दुसऱ्या वर्षी मी असंच फसले, पाकळ्या बघून तेलात टाकली आणि पंधरा दिवसात बरणीच्या तोंडाशी बुरशीचा पांढरा थर, सगळं तेल फेकावं लागलं. आता मी आठ ते दहा दिवस ठेवते, मग गाभा दोन बोटांत दाबून मोडून बघते, वाकला तर परत पसरते, कट्कन तुटला तरच बरणीत. बरणीत भरल्यावर पण आठवडाभर रोज एकदा उघडून बघा, काचेला आतून वाफ धरली असेल तर लगेच बाहेर काढा.

तेलासाठी मी तिळाचं, लाकडी घाण्याचं वापरते. खोबरेल पण लोक वापरतात पण आपल्या थंडीत खोबरेल गोठून दगड होतं, नेमकं जेव्हा तेल मुरवायचं तेव्हाच, म्हणून तीळ बरं. स्वच्छ आणि पूर्ण कोरडी काचेची बरणी, पाण्याचा एक थेंब नको. दोन तृतीयांश सुकी फुलं चुरडून भरा, वरून तेल ओता, फुलांच्या वर दोन बोटं तेल आलं पाहिजे, एकही पाकळी वर उघडी राहायला नको. झाकण लावून बरणीला तपकिरी कागद गुंडाळा आणि खिडकीत ऊबेला ठेवा. चार ते सहा आठवडे. रोज किंवा दिवसाआड हलवा, फुलं तेल पितात तेव्हा पातळी खाली गेली तर वरून टाका. मग मलमलच्या कापडातून गाळा, चोथा घट्ट पिळा, दोन दिवस स्थिर ठेवून वरचं नितळ तेल दुसऱ्या गडद बाटलीत घ्या. रंग छान गडद सोनेरी येतो.

घाई असेल तर पातेल्यात पाणी, त्यावर भांडं, त्यात तेल आणि फुलं, अगदी मंद गॅसवर दोन-तीन तास. तेल उकळायला नको, बोटाला चटका बसेल एवढं पण गरम नको. तळली तर वास येतो आणि काही उपयोग राहत नाही.

आता वेळेचं गणित बघा, कारण मला हे समजायला एक वर्ष गेलं. वेचणी सुरू होते दसऱ्याच्या आसपास आणि आपलं पहिलं फूल येतं डिसेंबरात, ते सुकून, मुरून तेल होईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, तोवर वेचणी आटोपलेली असते. म्हणजे ह्या हिवाळ्याची फुलं पुढच्या वेचणीसाठी असतात. मध्ये आपला उन्हाळा आहे, ४४-४५ डिग्री, भुसावळला तर विचारू नका, आणि त्या उष्णतेत तेल खवट होतं. म्हणून गाळलेलं तेल मार्चपासून फ्रिजमध्ये ठेवा आणि वर्षात संपवा, किंवा मी आता करते तसं करा, सुकी फुलं हवाबंद डब्यात अंधारात ठेवा आणि गणपती बसले की तेल मुरवायला घाला, दसऱ्याला ताजं तेल हातात.

मलम करायला १०० मिली तेलाला २० ते २५ ग्रॅम मधमाशांचं मेण. पुस्तकातलं प्रमाण कमी असतं पण आपल्याकडे २५ धरा, नाहीतर मलम उन्हात पातळ होऊन डबीतून गळतं. मेणबत्तीचं मेण घेऊ नका, ते वेगळं. सातपुड्याकडून मध आणून विकणारे असतात त्यांना विचारलं तर मेण मिळतं, किंवा ऑनलाइन. तेल आणि मेण वरच्यासारखंच पाण्यावरच्या भांड्यात वितळवा, चमचाभर काढून पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि बघा, फार घट्ट वाटलं तर तेल घाला, सैल वाटलं तर मेण. मग छोट्या डब्यांत ओतून पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. रात्री हात-पाय कोमट पाण्याने धुऊन, पुसून, बोटांच्या कडांना आणि टाचांना चोळायचं, टाचांवर जुने सुती मोजे. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "हे काय झेंडूचं तेल करू राह्यली वं", आता दिवाळीच्या आधी त्याच फोन करून डबी मागतात, सोबतच्या बायकांसाठी दोन जास्तीच्या.

आता सावधगिरी, आणि हा भाग सोडून देऊ नका. कॅलेंडुला सूर्यफूल, शेवंती आणि आपल्याकडच्या बांधाबांधावरच्या गाजर गवताच्या म्हणजे काँग्रेस गवताच्या कुळातला आहे. काँग्रेस गवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते, चट्टे येतात, आणि शेतात काम करणाऱ्यांत असे पुष्कळ असतात, त्यांना ह्यानेही त्रास होऊ शकतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस वाट बघा. लाल झालं, खाज आली तर वापरू नका. खोल जखम, पू झालेली जखम, भाजलेलं, आणि शुगर असलेल्या माणसाच्या पायाची कुठलीही भेग, ह्याला घरचं तेल लावत बसू नका, सरळ डॉक्टरकडे. गरोदर बायकांनी पोटात घेऊ नये.

कॅलेंडुलावर अभ्यास झालेले आहेत, २००४ साली फ्रान्समधल्या एका चाचणीत ब्रेस्ट कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या २५४ बायकांमध्ये कॅलेंडुलाच्या मलमाने कातडीचा दाह दुसऱ्या मलमापेक्षा कमी दिसला होता. पण ते तयार औषधी मलम होतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीत वापरलेलं, आपल्या गच्चीवरची डबी नव्हे. आपलं मलम सुकलेल्या कातडीसाठी, बारीक ओरखड्यांसाठी, टाचांसाठी. तेवढ्यात ते चांगलं काम करतं.

थोडं खाण्याबद्दल. ह्याच्या पाकळ्या खातात, चव किंचित कडवट-तुरट, हिरवा भाग घेऊ नका तो फार कडू. युरोपात पूर्वी लोणी आणि चीजला पिवळा रंग यावा म्हणून वापरायचे, केशर परवडत नसे त्यांचं हे केशर. ह्याचा रंग पाण्यापेक्षा तुपात चांगला उतरतो, म्हणून चमचाभर तुपात मूठभर पाकळ्या मंद आचेवर मिनिटभर फिरवून ते तूप गरम भातावर किंवा मुगाच्या खिचडीवर ओतते, मुलं आवडीने खातात. केशराचा वास मात्र येत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. घसा धरला असेल तर एक चमचा सुक्या पाकळ्या कपभर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून, गाळून, कोमट झाल्यावर गुळण्या करा.

आणि फेब्रुवारीच्या शेवटी प्रत्येक कुंडीतली चांगली दोन-तीन फुलं तोडू नका, झाडावरच सुकू द्या. त्यांच्या मध्ये वाकड्या बियांचं गोल कडं तयार होतं, हिरवं असताना नाही, तपकिरी होऊन हात लावताच सुटायला लागलं की काढा. उशीर केला तर सगळं कुंडीत सांडतं. आठ दिवस सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत, पुडीवर साल लिहा, आणि धान्याच्या डब्यासारखं ह्यात पण कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकून घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. आमच्याकडे ती जागा माठाच्या मागच्या कोनाड्यात आहे, पण ओल लागणार नाही ते बघून, पुडी डबीत. दसऱ्याला ती डबी काढायची.